महेंद्रचे नऊ दिवस

काटई नाका मागे पडला तेव्हा महेंद्र सोळाव्या पानावर आला होता.

"ऐकताय ना ताई, की मनात जप चाललाय?"

"दोन्ही चाललंय. तू वाच."

हेमाताईंच्या एका हातात बेलाची पिशवी आणि दुसऱ्या हातात तोंडाला फडकं बांधलेला पाण्याचा तांब्या. श्रावणातल्या दर सोमवारी सकाळी मानपाड्याहून निघायचं आणि कल्याण-शीळ रस्त्याने चालत खिडकाळीच्या महादेवाला जायचं, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा नेम. साखर निघाल्यावर डॉक्टरांनी अनवाणी चालायला मनाई केली, म्हणून पायांत चपला आल्या. पण रिक्षात काही त्या बसल्या नाहीत. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि मेट्रोच्या खांबांसाठी खणलेल्या रस्त्यावर चिखलाची धूळ झाली होती. डंपर गेला की दोघं तोंडावर हात धरून थांबत. धूळ खाली बसली की पुन्हा चालू लागत, आणि महेंद्र मोबाईलवरचं पुढचं वाक्य वाचू लागे.

महेंद्रचं महादेवाकडे काही काम नव्हतं. तो बौद्ध, कल्याणच्या कोळसेवाडीत वाढलेला. देवळापर्यंत येऊन तो बाहेर चहाच्या टपरीवर बसणार होता. पण सेंटरवर हेमाताईंना सलग पाच मिनिटं कोणी सोडत नाही, आणि त्याला तर साठ पानं वाचून दाखवायची होती. "देवाच्या वाटेवर तरी तुम्हाला कोणी हाक मारणार नाही," असं म्हणून तो साडेपाचला त्यांच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला होता.

सेंटर म्हणजे मानपाड्याचं एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर. आठ मशिनं, तीन पाळ्या, पन्नास-पंचावन्न पेशंट. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त चार तास मशीनवर शुद्ध करून घ्यायचं, आठवड्यातून दोनदा नाहीतर तीनदा, आणि फेरी चुकवायची नाही. कोणी कधी यायचं, कुठल्या मशीनवर बसायचं, हे ठरवणारं सॉफ्टवेअर महेंद्रने लिहिलेलं. टेबलामागे बसून ते चालवायच्या हेमाताई.

अकरा वर्षांपूर्वी महेंद्रचे वडील दगडू, रेल्वेतले निवृत्त खलाशी, इथल्या चार नंबरच्या मशीनवर असायचे. महेंद्र तेव्हा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. कंपनी गाशा गुंडाळून पुण्याला गेली. वडिलांना असं टाकून जाणं याला जमलं नाही, नोकरी सुटली. मग वडिलांच्या उशाशी चार-चार तास बसून तो हेमाताईंचं रजिस्टर बघत राहायचा. त्या पेन्सिलीने लिहायच्या, रबराने खोडायच्या, पार कागदाला भोक पडेपर्यंत.

"ताई, तुमच्या रजिस्टरला पण डायलिसिस लागणार आता," तो एक दिवस म्हणाला, आणि तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. दीड वर्षाने वडील गेले. महेंद्र मात्र राहिला तो राहिलाच. ट्रस्टने त्याला पगारावर घेतलं. संध्याकाळी कल्याणला कॉलेजच्या मुलांचे क्लास घेऊन तो वरचं भागवू लागला.

अकरा वर्षांत त्या सॉफ्टवेअरला ठिगळावर ठिगळ लागलं, आणि त्यातलं अक्षरही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. कुठल्या डब्यात काय आहे हे घरातल्या एकाच बाईला ठाऊक असावं आणि त्यापायी तिचं माहेर तुटावं, तसं याचं झालं. जरा कुठे अडलं की हेमाताई फोन लावायच्या. त्याच्या लग्नातसुद्धा लावला होता. "लागलं का लग्न? मग एक मिनिट ऐक," असं त्या म्हणाल्या, आणि गळ्यात हार घातलेला नवरदेव दहा मिनिटं कोपऱ्यात उभा राहून कुठलं बटण दाबायचं ते सांगत होता. त्याची बायको मेघना अजून ते ऐकवते.

बायकोचं निभावलं. आईचं मात्र राहिलं होतं. मीराबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, महापालिकेच्या दवाखान्यात आयाबाई म्हणून जन्म काढलेल्या. त्यांना एकदा बोधगयेला जायचं होतं. कल्याणहून थेट गाडी आहे, अवघड असं काही नाही. पण पहिल्यांदा ठरलं तेव्हा सेंटरचा कॉम्प्युटर बसला, दुसऱ्यांदा करोना आला, तिसऱ्यांदा नवी मशिनं आली. तीनदा तिकीट रद्द झालं, आणि तिन्ही वेळा मीराबाईंनी पांढरी साडी पिशवीतून काढून पुन्हा कपाटात ठेवली. यंदा गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, फिरवायचं असेल तर आत्ताच फिरवून आणा.

महेंद्रने नऊ दिवसांची रजा मागितली. ट्रस्टचं सगळं बघणारे भाऊ माणूस चांगले, पण हिशेबी बोलणारे. "तू नसताना हे दुसरं कोण चालवू शकतं ते मला दाखव, आणि खुशाल जा," म्हणाले.

म्हणून तर हा साठ पानांचा घाट. नव्या रिसेप्शनिस्टला, श्रियाला, सगळं वाचून कळेल असं लिहायला हवं होतं, आणि महेंद्रला लिहायचा भारी कंटाळा. शेवटी त्याने एआयला कामाला लावलं. प्रोग्रॅमची एकेक फाईल त्याच्यापुढे ठेवायची आणि हा भाग काय करतो ते साध्या मराठीत लिही म्हणायचं. अकरा वर्षं रेंगाळलेलं काम चार संध्याकाळींत झालं. महेंद्र नव्या सायकलवर बसलेल्या पोरासारखा खूश होता.

"काय मराठी लिहितो बघा ताई, माझ्या शाळेतल्या बाईंनी शंभरपैकी शंभर दिले असते." आणि त्याने सोळाव्या पानावरचं वाक्य वाचलं. "'पेशंट क्रमांक एकतीस आणि बत्तीस यांना संसर्गाच्या शक्यतेमुळे शेजारच्या मशीनवर बसवू नये.' हे तुम्हीच सांगितलेलं ना मला? खूप वर्षं झाली."

हेमाताईंच्या मनातला जप थांबला.

एकतीस आणि बत्तीस म्हणजे चांगदेव आणि काळुराम, निळज्याकडचे आगरी, सख्खे भाऊ. घराण्यातलाच किडनीचा आजार, दोघांनाही लागला. काळुरामच्या मुलीच्या हळदीच्या पत्रिकेत थोरल्या चांगदेवचं नाव मामा मंडळींच्या खाली छापलं गेलं होतं. चांगदेव हळदीला गेला नाही, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं नाही. सेंटरवर पहिल्याच आठवड्यात शेजारी शेजारी मशीन मिळालं, तर चार तास एकमेकांना असं काही ऐकवत होते की दोघांचंही ब्लडप्रेशर छताला लागलं. नंतर चांगदेवने हेमाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, घरातली गोष्ट आहे, चार माणसांत जाऊ देऊ नका. हेमाताईंनी महेंद्रला एवढंच सांगितलं होतं, "त्या दोघांना लांब ठेव रे. का ते विचारू नकोस." त्यानेही विचारलं नव्हतं.

म्हणजे प्रोग्रॅममध्ये 'लांब ठेवा' एवढंच होतं. 'का' ते नव्हतं. ते एआयने आपल्या मनाने घातलं. दवाखान्यात दोन पेशंट लांब ठेवायचे म्हणजे संसर्गच असणार, असा त्याचा अंदाज.

हे चुकीचं आहे, एवढं बोलायचं होतं. पण मग खरं काय, ते सांगावं लागलं असतं. नाव तर कुठे घेतलेलं नाही, आकडेच आहेत; झाकलेलं झाकलेलं राहतंय, असा विचार हेमाताईंनी केला.

"पुढे वाच," त्या म्हणाल्या.

बुधवारी हेमाताई बँकेचं काम आटपून दहाला सेंटरवर पोचल्या, तर हॉलमध्ये चिडीचूप. इथे एरवी टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा पेशंटच्या गप्पांचा आवाज मोठा असतो.

श्रियाने साठही पानं मन लावून वाचली होती. इतकी मन लावून, की एकतीस नंबरच्या फाईलवर तिने लाल पट्टी चिकटवली आणि चांगदेवला काचेपलीकडच्या खोलीतल्या मशीनवर बसवलं. सध्या तसा कोणी नसला, तरी कावीळवाल्या पेशंटसाठी ते वेगळं मशीन ठेवलेलं आहे हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत. मुरबाडच्या पलीकडून येणाऱ्या हौसाबाई दर फेरीला चांगदेवच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी खायच्या. त्यांनी नाकाला पदर लावला होता.

"मना काय झालंय गो पोरी?" काचेआडून चांगदेव विचारत होता. ओरडत नव्हता, हेच वाईट. "मना कोपऱ्यात कनाला बसवलंस?"

श्रियाला रडू फुटायचं बाकी होतं. "ताई, पानात लिहिलंय."

हेमाताई पिशवी तिथेच टाकून हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "चांगदेवदादांना कसलाही लागट आजार नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "चूक आमची आहे. हौसाबाई, पदर खाली घ्या." मग आत जाऊन त्यांनी चांगदेवचे पाय धरले. साठीच्या बाईने असं केल्यावर तो माणूस पार गोरामोरा झाला.

"अगो, उठ, उठ. देवाची बाय तू, मांझे पाय कनाला धरतेस?"

"दादा, खरं कारण लिहून ठेवायला हवं. नाहीतर मी नसताना पुन्हा कोणीतरी काहीतरी समजणार. लिहू का?"

चांगदेवने मशीनच्या फिरत्या चाकाकडे बघितलं. "लिव," तो म्हणाला. "पन मांझा नाव वर लिव. त्याचा खाली."

भाऊंच्या खोलीत महेंद्र आधीच उभा होता. "चूक माझी," तो म्हणत होता. "मी तपासायला हवं होतं."

"ज्या कागदावर विश्वास ठेवून पोरगी माणसाला वाळीत टाकते, तो कागद नसलेला बरा," भाऊ म्हणाले. "रजेचं पुढे बघू, महेंद्र. दिवाळीनंतर."

महेंद्रने खिशातला मोबाईल काढून नुसताच परत ठेवला. तिकिटं त्यातच होती. हेमाताईंना त्या क्षणी पिशवीतून निघून कपाटात परत जाणारी पांढरी साडी दिसली. ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, नुसती ऐकलेली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याने तपासलं होतं. माझ्याकडून. मी ते वाक्य कानांनी ऐकलं, खोटं आहे हे मला कळलं, आणि मी पुढे वाच म्हटलं. शिक्षा करायची तर मला करा. त्याच्या आईला नको."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. सव्वीस वर्षांत हेमाताईंनी त्यांच्यापुढे आवाज चढवलेला नव्हता. आत्ताही चढवला नव्हता, पण तसं वाटलं खरं.

"मग नीट करा," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी महेंद्र घरी बसेल, फोन बंद. दिवस सुरळीत गेला तर रजा. नाहीतर नाही."

त्या संध्याकाळी महेंद्रने एआयपुढे सगळ्या फाईली पुन्हा मांडल्या. या वेळी मात्र बजावून सांगितलं: प्रोग्रॅम काय करतो ते लिही, पण का करतो ते त्यात दिसत नसेल तर मनाने घालू नकोस, तिथे 'कारण माहीत नाही' असं लिही. नवी पानं आली तेव्हा 'कारण माहीत नाही' त्रेचाळीस वेळा आलं होतं.

"त्रेचाळीस!" पुढच्या सोमवारी काटईच्या अलीकडेच तो म्हणाला. "म्हणजे मागच्या वेळी त्रेचाळीस थापा मारल्या होत्या. इतक्या गोड भाषेत की मलाही पटल्या."

"विचार एकेक. आज जप परतताना करीन."

महेंद्र विचारत गेला, हेमाताई सांगत गेल्या, मोबाईलवर रेकॉर्ड होत गेलं. हौसाबाईंना कायम पहिली पाळी का? मुरबाडची एसटी, ती चुकली तर पुढे जीप मिळत नाही. मागच्या पानांत 'गंभीर प्रकृतीमुळे' असं होतं. सात पेशंट एरवी संध्याकाळी आणि फक्त शुक्रवारी दिवसा का? एमआयडीसीत कामाला आहेत, शुक्रवारी कारखाने बंद. तिथे 'कर्मचारी कमी असल्याने' असं होतं.

"ताई, सहज विचारतो," मध्येच महेंद्र म्हणाला. "बेल पालथा का वाहतात?"

"सासूबाई पालथाच वाहायच्या."

"पण का?"

"पालथाच वाहतात."

"बघा. तुमच्याकडेही कारण माहीत नाही. चव्वेचाळीस."

"चूप बस," हेमाताई म्हणाल्या, पण हसू आलंच. "देवळात गुरवाला विचारते. तू तुझं विचार."

सत्ताविसावा प्रश्न वाचताना महेंद्र चालायचा थांबला. एआयने लिहिलं होतं: मंगळवारी आणि शनिवारी दुपारी चार नंबरचं मशीन एका पेशंटसाठी राखून ठेवलेलं आहे, पण तो पेशंट आता यादीत नाही. कारण माहीत नाही.

"त्या वेळेला आम्ही ते मशीन धुवायला घेतो की," हेमाताई म्हणाल्या. "रिकामं असतं म्हणून."

"रिकामं का असतं ते नाही ना विचारलंत कधी."

मंगळवार आणि शनिवार, दुपार, चार नंबर. हेमाताईंच्या लक्षात यायला दोन पावलं जावी लागली. त्यांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"बाबांची वेळ काढायची राहिली," महेंद्र म्हणाला. "पहिल्या महिन्यात हात होईना. नंतर कोणाला अडचण नव्हती, मग राहिलंच." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "वेटिंगमध्ये कोण आहे?"

"दिवा स्टेशनजवळची एक बाई आहे. भिवा म्हणून मुलगा येतो तिचा, रोज विचारायला."

"त्यांना द्या. धुवायची वेळ सकाळी बसवतो."

संध्याकाळी एआयने ती रेकॉर्डिंगं ऐकून उत्तरं लिहून काढली, प्रत्येक नियमाखाली दोन-तीन ओळी. एकतीस-बत्तीसच्या खाली त्याने 'कौटुंबिक वादामुळे' असं लिहिलं. हेमाताईंना ते रुचलं नाही. "वाद नको लिहूस. 'दोघा भावांचं सध्या बोलणं नाही' असं लिही. आणि 'सध्या' राहू दे." एआयने निमूटपणे तसं केलं. चांगदेवचं नाव वर ठेवलं.

शनिवारी महेंद्र कोळसेवाडीत घरी बसला. फोन बंद करून मीराबाईंच्या हातात दिलेला. मेघनाने त्याच्यापुढे मेथीच्या दोन जुड्या टाकल्या. त्याने पानं खुडता खुडता अर्धे देठही भाजीत टाकले म्हणतात.

सेंटरवर अकराला वीज गेली, आली, आणि दोन नंबरचं मशीन काही सुरू होईना. त्याच्यावरचा पेशंट हलवायचा, मागची सगळी पाळी सरकवायची. हेमाताईंचा हात आपोआप फोनकडे गेला.

"ताई, पान बावन्न," श्रिया म्हणाली. ती आधीच वाचत होती, ओळीवर बोट ठेवून. "मशीन बंद पडलं तर काय. ताई, इथे लिहिलंय आधी हौसाबाईंना हलवू नका, त्यांची एसटी आहे. मग कोणाला हलवू?"

"शुक्रवारवाला कोणी आलाय का आज, बदलून?"

"एक आलाय."

"त्याला उशीर चालेल. सुट्टी घेऊन आलाय तो."

महेंद्रने पाच मिनिटांत केलं असतं ते दोघींना पाऊण तास लागला. दोन पेशंट कुरकुरले. पण कोणी फेरीवाचून घरी गेलं नाही, कोणी चुकीच्या मशीनवर बसलं नाही, आणि दुपारी दिव्याची ती बाई चार नंबरवर झोपून टीव्ही बघत होती. संध्याकाळी भाऊ हॉलमधून एक चक्कर मारून गेले. जाताना श्रियाच्या टेबलावरची पानं त्यांनी उचलली, चाळली आणि म्हणाले, "याची एक प्रत माझ्या खोलीत ठेवा." रजा मिळाली हे असं कळलं.

श्रावणाचा शेवटचा सोमवार. महेंद्र आजही सोबतीला आला. आज वाचायला काही नव्हतं, तरी आला. गाडी गुरुवारची होती. हेमाताई दर्शन घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो तळ्याच्या काठाशी टपरीवर दुसरा चहा घेत होता. त्यांनी त्याला प्रसादाचं केळं दिलं. त्याने सोलून खाल्लं.

"ताई, एक मागायचं होतं तुमच्याकडे."

"माग की. बोधगयेला काय हवंय, डबा करून देऊ? दशम्या टिकतात चार दिवस."

"नको. आईने आधीच दोन डबे भरलेत." तो ग्लास खाली ठेवून त्यांच्याकडे वळला. "नऊ दिवस मला फोन करू नका."

हेमाताई हसल्या. मग त्याचा चेहरा बघून थांबल्या. "आणि अडलं तर?"

"श्रियाला पान उघडायला सांगा."

"पानात नसलं तर?"

"तर तुम्ही दोघी ठरवा. काय ठरवलं आणि का ठरवलं, ते खाली लिहून ठेवा. मी आल्यावर वाचीन."

"बरं. पण पोचलात का, आईंची तब्येत कशी आहे, एवढं तरी विचारू ना?"

"तेही नको, ताई," महेंद्र म्हणाला. "मी आईला शब्द दिलाय, या वेळी फोन वाजणार नाही."